आधी कान, मग तोंड : विदर्भाच्या खेड्यातून एपीआरएस सुरू करताना

एपीआरएस म्हणजे हौशी रेडिओवरून आपली जागा आणि छोटे संदेश पाठवायची पद्धत. गाडीत जागा कळवणारा ट्रॅकर बसवला, दिवा लुकलुकतोय, दर दोन मिनिटांनी रेडिओ ‘खर्रर्र’ करतोय, पण एपीआरएस डॉट एफआय या संकेतस्थळाच्या नकाशावर गाडीचा पत्ता नाही. नव्या हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्याची, ही पहिली तक्रार असते. मग तो ट्रॅकर बदलतो, ॲन्टेना बदलतो, पॉवर वाढवतो. दोष बहुतेक वेळा यांपैकी कशातच नसतो. पाठवलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, ऐकायला तीस-चाळीस किलोमीटरच्या आत कुणी बसलेलंच नसतं. मोठ्या शहराच्या आसपास एखादा आयगेट, म्हणजे पॅकेट ऐकून इंटरनेटवर टाकणारं स्टेशन, आयता मिळून जातो. धारणी, कुरखेडा, झरी-जामणी अशा भागात तो आपणच उभा करावा लागतो. म्हणून हा लेख उलट्या बाजूने सुरू होतो : आधी ऐकणारं स्टेशन, नंतर फिरणारी गाडी.

एपीआरएस म्हणजे नेमकं काय

ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टीम. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी ती घडवली. त्यांचा कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं रेडिओवरचं नाव) डब्ल्यूबी४एपीआर, २०२२ साली ते गेले. गाडीची जागा दाखवणं हा या पद्धतीचा एक भाग झाला. छोटे संदेश, हवामानाचे आकडे, नकाशावरच्या खुणा, सगळं त्याच एका फ्रीक्वेन्सीवर चालतं, आणि ब्रुनिंगा शेवटपर्यंत याच गोष्टीवर जोर देत राहिले.

काम असं चालतं. जीपीएसकडून अक्षांश-रेखांश येतात. मोडेम, म्हणजे टीएनसी, त्यांचं १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत रूपांतर करतो. वेग १२०० बॉड. साधा एफएम रेडिओ हे सूर हवेत सोडतो. वाटेत डिजिपीटर असेल तर तो तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. शेवटी आयगेट ते ऐकून इंटरनेटवरच्या एपीआरएस-आयएस या जाळ्यात टाकतो. हे सगळं एकाच बाजूने चालतं : पॅकेट पोचलं की नाही, हे साध्या ट्रॅकरला कधीच कळत नाही.

परवाना

परवाना हातात येईपर्यंत पीटीटी, म्हणजे रेडिओचं बोलायचं बटण, दाबायचं नाही. भारतात ॲमेच्युअर परवान्याचे जनरल आणि रिस्ट्रिक्टेड असे दोन वर्ग आहेत. कुठल्या बँडवर किती वॅट, हे परवान्यात लिहिलेलं असतं, तेवढंच वापरा. दूधगाडी, ट्रॅव्हल्स किंवा कृषी केंद्राची डिलिव्हरी अशा धंद्याच्या वाहनावर नजर ठेवायला हे वापरता येत नाही. आणि पॅकेट उघडं असतं, ते कुणीही वाचू शकतो.

आपला दोन मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. उत्तर अमेरिकेत एपीआरएस १४४.३९० वर चालतं, युरोपात १४४.८०० वर, आणि दोन्ही आकडे आपल्या बँडमध्ये बसतात. त्यामुळे जुना ट्रॅकर किंवा परदेशी व्हिडिओ बघून कुठलाही आकडा भरू नका. नकाशावर जवळच्या आयगेटवर टिचकी मारा, त्याच्या माहितीत बहुधा फ्रीक्वेन्सी लिहिलेली असते. नसेल तर त्या हॅमला विचारून तीच धरा. सगळ्या जिल्ह्याने एकच फ्रीक्वेन्सी धरली तरच हे जाळं उभं राहतं.

लोरा ही कमी पॉवरवर लांब जाणारी वेगळी रेडिओ पद्धत, तिच्यावरच्या एपीआरएसबद्दल इथेच सांगून टाकतो. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या लोरा बोर्डांत युरोपची ४३३.७७५ ही फ्रीक्वेन्सी आधीच भरलेली असते. आपला सत्तर सेंटीमीटरचा बँड ४३४ ते ४३८ आहे. म्हणजे ती सेटिंग आपल्या हॅम बँडच्या बाहेर पडते. बदलल्याशिवाय बोर्ड चालू करू नका.

पहिली पायरी : फोनवर ओळख करून घ्या

अँड्रॉइड फोनवर एपीआरएसड्रॉइड हे ॲप टाका. कॉलसाइन आणि पासकोड भरा. पासकोड कॉलसाइनवरूनच गणिताने निघतो. सुरुवातीला जोडणी इंटरनेटचीच ठेवा. दोन-तीन दिवस तालुक्याच्या गावाला जा-ये करताना आपली खूण नकाशावर कशी सरकते ते बघा.

कॉलसाइनच्या मागे डॅश देऊन जो आकडा लागतो तो एसएसआयडी. रूढ पद्धत अशी : गाडीला ९, हातातल्या सेटला ७, फोनला ५, आयगेटला १०. घरच्या स्टेशनला आकडा लागत नाही. एकाच कॉलसाइनची दोन यंत्रं एकच आकडा लावून फिरली, तर नकाशावर गाडी क्षणात वर्ध्याला आणि क्षणात पुलगावला उड्या मारताना दिसते.

या पायरीवर फार रेंगाळू नका. इंटरनेटवरून खूण दिसली याचा अर्थ रेडिओ चालला असा होत नाही.

दुसरी पायरी : कान उभा करा

फक्त ऐकणारा आयगेट सगळ्यात सोपा आणि स्वस्त. लागणारं सामान : रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा तळहाताएवढा संगणक किंवा जुना लॅपटॉप, एक आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत बसणारा, फक्त ऐकणारा रेडिओ), छतावरचा ॲन्टेना, कोॲक्स (ॲन्टेनाची केबल) आणि मोबाइल डेटा. पॅकेटं इवलीशी असतात, त्यामुळे कमजोर नेटवरही भागतं.

जागा ठरवण्याआधी एक हिशेब करा. ॲन्टेनाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. गाडीवरच्या ॲन्टेनाचंही तसंच करा. दोन्हींची बेरीज म्हणजे सपाट जमिनीवरचं किलोमीटरमधलं अंतर. घरावर ६ मीटरचा पाइप असेल तर १०, दीड मीटर उंचीच्या गाडीचे ५, एकूण १५ किलोमीटर. पाइप दुप्पट करून १२ मीटर केला तरी बेरीज १९ वरच थांबते. लोक पाइपवर खर्च करतात आणि निराश होतात त्याचं कारण हे.

टेकडी मिळाली की चित्र पालटतं. चिखलदऱ्याच्या पठाराची दक्षिण कड परतवाडा-अचलपूरच्या सपाटीपेक्षा साधारण ७०० मीटर वर आहे. तिथला कान हिशेबाने शंभर किलोमीटरच्या पुढचं ऐकू शकतो, सगळी सपाटी त्याच्या पायाशी पसरलेली असते. पण तोच कान मागच्या बाजूला सेमाडोह-हरिसालच्या दऱ्यांत उतरलेल्या जीपला बहिरा असतो, कारण मध्ये गाविलगडचा डोंगर उभा आहे. मेळघाटासाठी म्हणून एका उंच जागेवर भागत नाही, दरीच्या तोंडाशी दुसरा छोटा कान लागतो. जागा वन खात्याची असेल तर परवानगी आधी घ्या. पूर्व विदर्भाच्या सपाटीत अशी टेकडी नसते. तिथे पाण्याची टाकी किंवा शाळेची गच्ची यांवर समाधान मानावं लागतं.

सागाच्या जंगलात घेतलेल्या चाचणीवर महिना लिहून ठेवा. एप्रिलमध्ये साग निष्पर्ण असतो, तेव्हा जे अंतर मिळतं ते ऑगस्टमध्ये ओल्या पानांतून मिळत नाही.

*ॲन्टेना.* क्वार्टर-वेव्ह ग्राउंड प्लेन, म्हणजे पाव तरंगलांबीची उभी तार आणि खाली आडव्या तारांची ‘जमीन’, घरी करता येतो. केबल जोडायचं एक एसओ-२३९ सॉकेट आणि घरच्या वायरिंगमधली २ ते ३ मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. ७१२५ ला मेगाहर्ट्झने भागलं की उभ्या तारेची लांबी सेंटीमीटरमध्ये मिळते, म्हणजे साधारण ४९. सॉकेटच्या चार भोकांत ५२ सेंटीमीटरच्या चार तारा अडकवून त्या ४५ अंशात खाली वाकवा. एसडब्ल्यूआर (ॲन्टेना किती जुळला याचं माप) १.५ च्या खाली आला की पुरे. उभी तार आधी थोडी लांब ठेवा आणि अर्धा-अर्धा सेंटीमीटर कापत या. कापलेलं परत जोडता येत नाही.

*कोॲक्स.* आरजी-५८ ही बारीक केबल या बँडवर दर दहा मीटरला साधारण २ डीबी (डेसिबल, सिग्नलच्या घटीचं माप) खाते. वीस मीटर टाकली तर ॲन्टेनावर आलेल्या सिग्नलपैकी निम्म्याहून कमी खाली पोचतो. उपाय सोपा आहे : डोंगल आणि रास्पबेरी पाय वरच, ॲन्टेनाजवळच्या डब्यात ठेवा आणि खाली फक्त वीजेची वायर आणा. डबा मात्र पत्र्याचा आणि उन्हात नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या डब्यात डोंगलची फ्रीक्वेन्सी सरकते. स्वस्त डोंगल ५० पीपीएमने, म्हणजे दहा लाखांत ५० ने, चुकत असेल तर १४४ मेगाहर्ट्झवर ती चूक ७ किलोहर्ट्झ होते आणि पॅकेट अर्धवट ऐकू येतं. तापमान-स्थिर ऑसिलेटरचा डोंगल थोडा महाग पडतो, पण इथे तोच घ्यावा. डबा सावलीत, उत्तरेच्या भिंतीला, खाली जाळीची भोकं ठेवून.

*सॉफ्टवेअर.* डायर वुल्फ वापरा, फुकट आहे आणि डीकोड, म्हणजे सुरांतून पॅकेट उलगडणं, उत्तम करतं. आरटीएल-एफएम हा प्रोग्राम डोंगलचा आवाज डायर वुल्फकडे पाठवतो. दोन्हीकडे सॅम्पल रेट २४,००० हाच हवा, इथे फरक पडला तर एकही पॅकेट उलगडत नाही. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये चारच गोष्टी भरायच्या : डॅश १० लावलेला कॉलसाइन, एपीआरएस-आयएसच्या आशियातल्या सर्व्हरचं नाव, लॉगिन आणि पासकोड, आणि स्वतःच्या जागेचा बीकन, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप जाणारं पॅकेट. हा बीकन इंटरनेटकडेच जाईल असं ठरवा, कारण आपल्याकडे ट्रान्समीटर नाही.

जागा भरताना एक चूक हमखास होते. एपीआरएसला अंश आणि दशांश मिनिटं लागतात, फोन मात्र दशांश अंश दाखवतो. फोनवर २०.७५ दिसलं तर ते २० अंश ४५ मिनिटं. कुणी सरळ २० अंश ७५ मिनिटं भरली, तर स्टेशन अर्धा अंश, म्हणजे ५५ किलोमीटर उत्तरेला जाऊन बसतं. दशांशाच्या पुढच्या भागाला ६० ने गुणा, मिनिटं मिळतात.

*वीज.* रास्पबेरी पाय आणि डोंगल मिळून ३.५ ते ४ वॅट खातात, दिवसाला ८५ ते ९५ वॅट-तास. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी अर्धीच वापरायची असते, म्हणजे ती दहा-अकरा तासांत थकते. भारनियमनाच्या गावात १२ व्होल्ट २० एएचची बॅटरी आणि ४० वॅटचं सोलर पॅनल धरा. सतत झड लागली तर तेही कमी पडतं, तेव्हा ग्रिडचा चार्जर जोडीला ठेवा.

*वीज पडणे.* मृगाच्या आधीची वादळं इथे जीवघेणी असतात. पाइपला अर्थिंग द्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा रॉड कोरड्या मातीत नुसता उभा राहतो. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरा, एप्रिल-मेमध्ये आठवड्याला बादलीभर पाणी ओता. कोॲक्स घरात आणली असेल तर ढग दाटले की ती काढून खिडकीबाहेर ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नका.

वानरांचा वावर असलेल्या गावात कोॲक्स पाइपच्या आतून किंवा पीव्हीसी नळीतून न्या. लोंबती केबल दिसली की त्यांचा झोका होतो.

तिसरी पायरी : गाडी

कान चालू झाला, आता तोंड. सुरुवात फोन, हातातला रेडिओ आणि ऑडिओ केबल यांच्यावर करा. यूव्ही-५आर प्रकारचा सेट ज्याच्या-त्याच्या हातात आहे, म्हणून त्याच्याच मेन्यूचे आकडे देतो. ० म्हणजे स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय), तो ० करा. ३, बॅटरी बचत, बंद करा, नाहीतर सेट डुलक्या घेतो आणि पॅकेटची सुरुवात चुकवतो. ५, रुंदी, ‘वाइड’. ७, दुहेरी ऐकणं, बंद. १३, सीटीसीएसएस (आवाजासोबत जाणारा ओळखीचा सूर), बंद. ३९, रॉजर बीप, बंद. ४, व्हॉक्स (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट करणारी सोय), १ पासून सुरू करून हळूहळू वाढवा.

केबल तयार मिळते. स्वतः करणार असाल तर फोनचा आवाज रेडिओच्या माइकसाठी फार मोठा असतो हे लक्षात ठेवा. फोनच्या आउटपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला ४७० ओहम, आणि त्याच टोकापासून माइककडे १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. कॅपॅसिटर माइकचं डीसी अडवतो. या रेडिओत दोन प्लग असतात. दोघांच्या बाहेरच्या कड्या एकमेकींना जोडल्या गेल्या की पीटीटी दाबल्यासारखा होतो आणि सेट सतत ट्रान्समिट करत राहतो. केबल लावताच लाल दिवा पेटून तसाच राहिला तर हेच झालंय.

व्हॉक्सला जागं व्हायला वेळ लागतो. म्हणून एपीआरएसड्रॉइडमध्ये पॅकेटच्या आधीचा सूर निदान ५०० मिलिसेकंद ठेवा. पीटीटीची वेगळी वायर असलेल्या ट्रॅकरला ३०० पुरतात.

रबरी ॲन्टेना गाडीच्या आत ठेवून काही होत नाही, पत्रा सिग्नल गिळतो. टपाच्या मधोमध चुंबकी माउंटवर ४९ सेंटीमीटरची काडी लावा. मोटारसायकलला आणि ट्रॅक्टरला टप नाही, म्हणजे क्वार्टर-वेव्हला जमीन नाही. तिथे हाफ-वेव्ह ॲन्टेना घ्या. जीपीएस मॉड्यूल आणि ॲन्टेना यांच्यात निदान ३० सेंटीमीटर अंतर ठेवा, नाहीतर प्रत्येक ट्रान्समिशनला जीपीएसची पकड सुटते. फोन डॅशबोर्डवर उन्हात ठेवला तर तो तापून स्वतःच बंद होतो. त्याला एसीच्या झोतासमोर किंवा सीटखाली जागा द्या.

२५ वॅटचा मोबाइल रेडिओ लावणार असाल तर वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटची वायर या प्रवाहासाठी बारीक पडते.

किती वेळा आणि कुठल्या वाटेने

गाडीचा पाथ, म्हणजे डिजिपीटरांनी पॅकेट किती वेळा पुढे पाठवायचं याची सूचना, ‘वाइड१-१, वाइड२-१’ एवढाच ठेवा (यंत्रात हे रोमन लिपीत टाइप करायचं). त्याहून लांब पाथ घातला तर एकच पॅकेट जिल्हाभर घुमत राहतं आणि इतरांची पॅकेटं मारतं.

ठरावीक वेळेने बीकन देण्यापेक्षा स्मार्ट बीकनिंग चांगलं. त्यात वेग आणि वळण पाहून बीकन जातो. आपल्या रस्त्यांना हे आकडे जमतात : ताशी ८० ला दर १२० सेकंदांनी, ताशी ५ च्या खाली दर २० मिनिटांनी, ३० अंशांचं वळण घेतलं की लगेच, पण दोन बीकनांत ३० सेकंदांचं अंतर राहील असं. चिखलदऱ्याच्या घाटात मात्र वळणाचा कोन ४५ करा, नाहीतर गाडी प्रत्येक वळणावर बोलते.

चौथी पायरी : चाचणी फेरी

कानापासून २ किलोमीटरवर थांबा, पाठवा, पॅकेट आलं का ते घरच्या माणसाकडून फोनवर विचारा. मग ५, १०, १५. एपीआरएस डॉट एफआयवर आपल्या स्टेशनची कच्ची पॅकेटं उघडा. तिथे ‘टीसीपीआयपी’ आणि ‘क्यूएसी’ दिसलं तर पॅकेट फोनच्या इंटरनेटवरून गेलं, रेडिओने काही केलेलं नाही. ‘क्यूएआर’ किंवा ‘क्यूएओ’ दिसलं आणि पुढे आयगेटचा कॉलसाइन आला, तर ते खरोखर हवेतून आलं. चाचणीच्या वेळी फोनचा डेटा बंदच ठेवा, शंका उरत नाही.

आवाजाची पातळी याच फेरीत ठरवायची. फोनचा आवाज निम्म्यावरून सुरू करा. आवाज जास्त झाला की सूर फाटतात, आणि सिग्नल खणखणीत असूनही डीकोड होत नाही. नवे लोक इथे उलट वागतात : पॅकेट आलं नाही की आवाज वाढवतात. तुम्ही कमी करून बघा. डायर वुल्फ प्रत्येक पॅकेटसोबत ऑडिओची पातळी छापतो. चांगल्या ऐकू येणाऱ्या दुसऱ्या स्टेशनचा आकडा बघा आणि आपला त्याच्या आसपास आणा.

काय बिघडतं

रेडिओवर आवाज येतो पण डीकोड शून्य : आवाज फार मोठा, सीटीसीएसएस चालू, किंवा डोंगल फ्रीक्वेन्सीवरून सरकलेला. जवळच्या एफएम केंद्राने डोंगल दबून जातो, तिथे एफएम अडवणारा फिल्टर लावा.

काही पॅकेटं येतात, काही नाहीत : सुरुवातीचा सूर अपुरा, किंवा दोन गाड्या एकाच वेळी बोलतात. दोघी एकमेकींना ऐकत नाहीत, पण टेकडीवरचा कान दोघींना ऐकतो, आणि तिथे त्यांची टक्कर होते. पॉवर वाढवून हे सुटत नाही. बीकन कमी करून सुटतं.

खूण जुन्या जागी गोठलेली : जीपीएसची पकड नाही. जीपीएस मॉड्यूलला थंड अवस्थेतून उघड्या आकाशाखालीही अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतो, पत्र्याच्या शेडमध्ये तो तासभर चाचपडतो. गाडी बाहेर काढून ट्रॅकर चालू करा.

एक काळजी : तुमचा मार्ग जगाला दिसतो आणि तो साठवलाही जातो. घरी कुणी नसताना दूरच्या प्रवासाचा बीकन चालू ठेवायचा का, हे घरच्यांशी बोलून ठरवा. वावरात किंवा घराजवळ आल्यावर ट्रॅकर बंद करण्याची सवय लावून घ्या.

गटाने वापरताना, आणि नेट नसताना

शेगावहून पंढरपूरला निघणारी पालखी, पूरग्रस्त गावांना धान्य नेणाऱ्या गाड्या, अशा कामांत वीस ट्रॅकर एकाच फ्रीक्वेन्सीवर येतात. एक पॅकेट जवळपास सेकंदभर जागा घेतं. पायी चालणाऱ्याला दर ५ मिनिटांनी, रुग्णवाहिकेला दर २ मिनिटांनी, आणि तंबूत थांबलेल्याला दर अर्ध्या तासाने, असं वाटप आदल्या दिवशी कागदावर करा. कॉमेंटमध्ये ‘अँब्युलन्स’, ‘पाणी टँकर’ असा एकच शब्द घाला, कारण शब्द वाढले की पॅकेट लांबतं. मार्गावर मध्ये खळगा असेल तर तिथे पहिल्या टप्प्यापुरता, म्हणजे फक्त ‘वाइड१-१’ ला उत्तर देणारा डिजिपीटर एका गाडीत ठेवा.

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता तुटतो. अशा वेळी मोबाइल नेटवर्कवर विसंबता येत नाही, आणि आयगेटचं नेट गेलं की एपीआरएस डॉट एफआयवर काहीच दिसत नाही. पण हवेतली पॅकेटं चालूच असतात. म्हणून नियंत्रण तंबूत एक रेडिओ आणि फोन असे ठेवा की एपीआरएसड्रॉइड थेट हवेतून ऐकेल, आणि त्या तालुक्याचा ऑफलाइन नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. सराव करताना मुद्दाम डेटा बंद करून एक तास सगळ्या गाड्या याच एका फोनवर पाहा. जी गाडी दिसत नाही, तिचा ड्रायव्हर कुठल्या गावाजवळ होता ते वहीत लिहा. पुढचा कान त्याच गावात लागेल.